आधी एक, मग एकशे ब्याण्णव

मुलांनो, जयसिंगपुरात ऊस परिषद भरते, तेव्हा सारे मैदान माणसांनी फुलून जाते. वक्ता साध्या आवाजात बोलतो, तरी अगदी मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही त्याचा शब्द न् शब्द ऐकू येतो. ही किमया अॅम्प्लिफायरची, म्हणजे वर्धकाची. लहान आवाज त्यात शिरतो आणि मोठा होऊन बाहेर पडतो.

पण सभेपूर्वी माइकवाला काय करतो, ते तुम्ही पाहिले आहे का? तो आधी एक कर्णा जोडतो आणि 'हॅलो, हॅलो' म्हणून पाहतो. खरखर आली तर तार बदलतो. यालाच चाचणी म्हणतात. मराठीत 'अजमावणे' असाही एक शब्द आहे. आपल्या उर्दूतल्या 'आजमाना' या शब्दाचा तो भाऊच!

आवाजाप्रमाणे प्रकाशही वाढवता येतो. तो कशासाठी वाढवायचा, ते आता पाहू.

सूर्याच्या पोटात हायड्रोजनची अणुकेंद्रे एकमेकांना जुळून हेलियम तयार होतो. या क्रियेला संमीलन म्हणतात. तिच्यातून प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. हीच क्रिया पृथ्वीवर घडवून तिच्यापासून वीज मिळवता आली, तर त्यासाठी कोळसा जाळावा लागणार नाही. म्हणून शास्त्रज्ञ मिरीच्या दाण्याएवढ्या गोळीत हायड्रोजनचे दोन प्रकार भरतात आणि लेसर किरणांच्या जोरावर ती चहूबाजूंनी दाबतात.

असे प्रयोग अमेरिकेत लिव्हरमोर येथील 'नॅशनल इग्निशन फॅसिलिटी' या प्रयोगशाळेत होतात. तेथे १९२ लेसर किरण आहेत. सुरुवातीचा प्रकाश अगदी क्षीण असतो. तो निओडिमियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या काचेच्या जाड लाद्यांतून पाठवतात. लाद्यांच्या बाजूला फोटोग्राफरच्या फ्लॅशसारखे, पण माणसाएवढे उंच दिवे असतात. ते चमकले की निओडिमियमचे अणू ऊर्जा साठवून ठेवतात. लेसरचा प्रकाश जवळून जाताच ते ही ऊर्जा त्याच्या स्वाधीन करतात. अशा रीतीने प्रकाश लादीगणिक बलवान होत जातो.

तेथे अशा ३,०७२ लाद्या आहेत आणि एकेक लादी ४० किलोहून जड आहे. एवढे सारे उभारल्यावर दोष सापडला असता तर? म्हणून शास्त्रज्ञांनी आधी एकाच किरणाचा नमुना तयार केला. त्याचे नाव 'बीमलेट'. १९९४ साली तो चालू झाला. पुढे खऱ्या मापाचे वर्धक जोडून त्यांचीही वेगळी चाचणी घेतली.

त्यांनी काय काय तपासले? पहिली गोष्ट, काचेच्या मध्यभागी आणि कडेला प्रकाश सारखाच वाढतो का? दुसरी गोष्ट, दिव्यांमुळे काच तापते आणि किंचित वाकते. ती निवायला किती वेळ लागतो? तिसरी गोष्ट स्वच्छतेची. गळीत हंगामात वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे कण पडतात. आपण कपडा झटकतो आणि विसरतो. पण वर्धकाच्या काचेवर एक कण जरी राहिला, तरी तो दिव्यांच्या उजेडात जळतो आणि काचेवर डाग पडतो. म्हणून तेथील माणसे अंगभर स्वच्छ पोशाख घालून काम करतात.

ही प्रयोगशाळा २००९ साली पूर्ण झाली. तरीही यश लगेच आले नाही. अखेर ५ डिसेंबर २०२२ रोजी लेसरने २.०५ मेगाजूल ऊर्जा दिली आणि संमीलनातून ३.१५ मेगाजूल ऊर्जा मिळाली. ही किती झाली? आपल्या घरच्या मीटरवरचा एक युनिट म्हणजे ३.६ मेगाजूल. म्हणजे मिळालेली ऊर्जा एक युनिटही नव्हती! उलट लेसर चालवण्यासाठी सुमारे ३०० मेगाजूल, म्हणजे ऐंशीहून अधिक युनिट वीज लागली. तेव्हा खरे विजेचे केंद्र अजून दूर आहे.

आपल्या देशातही शक्तिशाली लेसरवर काम चालते. इंदूर येथे १९८४ साली प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. डॉ. दिलीप भवाळकर हे त्याचे पहिले संचालक. २००५ साली या केंद्राला राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले. निओडिमियमच्या काचेचे लेसर तेथेही बनवले गेले आहेत.

मुलांनो, एका नमुन्यात सापडलेला दोष एकदाच दुरुस्त करावा लागतो. तोच नंतर सापडला, तर एकशे ब्याण्णव वेळा दुरुस्त करावा लागतो. म्हणून पुढच्या वेळी मैदानात माइकवाल्याचे 'हॅलो, हॅलो' ऐकू आले, तर कंटाळू नका. त्याच्या कामातही विज्ञानाची हीच रीत आहे.