भुंगा आणि भुंगेरा

शरद ऋतु लागला, आभाळ निवळलें आणि तुरीला पहिलीं फुलें दिसूं लागलीं म्हणजे आपल्या वऱ्हाडांतील वावरांत एक मोठा काळा कीटक घुमत फिरूं लागतो. धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसास त्याचा आवाज सहज ऐकूं येतो. त्यास आपण भुंगा म्हणतों व तेवढ्यावरच थांबतों. या थांबण्यानें आमचें स्वतःचें एका वर्षीं नुकसान झालें, तें आधीं सांगतों.

दसरा होऊन आठ-पंधरा दिवस झाले असतील. आमचा सालदार सकाळीं घरीं येऊन म्हणाला, "बापू, तुरीवर भुंगे पडले. फुलं खाऊन रायले." आमची सारी हयात सातबाराच्या उताऱ्यांत व पीकपाहणीच्या रकान्यांत गेलेली. पिकाचें नांव, क्षेत्र व आणेवारी आम्हांस ठाऊक. पिकावर कोणता जीव बसतो याचा रकाना आमच्या कागदांत कधींच नव्हता. त्याचें म्हणणें खरें धरून आम्हीं त्याच दिवशीं, ऐन दहा वाजतां, फुलांवर औषध मारविलें. दुसऱ्या दिवशीं जाऊन पाहतों तों ओळींतून काळे भुंगे व लहान मधमाशा मरून पडलेल्या. आणि ज्यांनीं फुलें खाल्लीं ते पट्ट्यापट्ट्यांचे किडे चार दिवसांत शेजारच्या वावरांतून पुन्हां हजर! धुऱ्यावर भोपळ्याचे व काकडीचे वेल होते. त्यांवर फुलें भरपूर होतीं, पण पुढील पंधरा दिवस कोवळीं फळें पिवळीं पडून गळत राहिलीं. सालदाराचा दोष नव्हता. ज्यानें फुलें खाल्लीं त्यासही आमच्या गांवीं भुंगाच म्हणतात.

तेव्हां पहिली गोष्ट ही कीं, हे दोन निराळे जीव आहेत. फुलें खाणारा तो भुंगेरा. तुरीवर येणारा भुंगेरा लांबट व काळा असून त्याच्या पाठीवर तांबूस-नारिंगी आडवे पट्टे असतात. पाठ टरफलासारख्या टणक पंखांनीं झांकलेली, व उडावयाचे पातळ पंख त्याखालीं घडी घातलेले. एका फुलावर बसला कीं तो हलत नाहीं. पाकळ्या कुरतडीत बसतो. त्यास उघड्या हातानें धरूं नये. अंगांतून पिवळा रस सोडतो व त्यानें कातडीवर फोड येतात. हातांत जाड फडकें किंवा मोजा घालून सकाळच्या थंडाव्यांत वेंचून रॉकेल घातलेल्या पाण्यांत टाकणें हा त्यावर सोपा उपाय आहे.

भुंगा मात्र मधमाशीच्या कुळांतला. त्याचे चारी पंख पातळ व काळसर, उन्हांत पाहिल्यास त्यांवर निळी-जांभळी झांक दिसते. पोट तुळतुळीत काळें. मादीच्या मागच्या पायांवर दाट केस असून त्यांत परागाची पिवळी धूळ भरलेली असते. फुलावर तो निमिषभर टेकतो आणि पुढच्या फुलाकडे जातो. खाल्लेलें फूल त्याच्या मागें राहत नाहीं. पाठीवर टणक टरफल आहे कीं पातळ पंख, एवढें जरी पाहिलें तरी चूक होत नाहीं.

हाच आपल्या जुन्या ग्रंथांतला भ्रमर होय, अशी आमची खात्री आहे. इ. स. १२९० च्या ज्ञानेश्वरींत, पहिल्या अध्यायांत, वाळलेलें लाकूड सहज पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळींत मात्र अडकून पडतो, असा दृष्टांत आहे. लाकूड पोखरण्याचा हा गुण पोळें बांधणाऱ्या मधमाशींत नाहीं. या काळ्या भुंग्यांत आहे. शास्त्रज्ञांनीं त्यास दिलेल्या झायलोकोपा या ग्रीक नांवाचा अर्थही लाकूड कापणारा असाच होतो.

इंग्रजी पुस्तकें वाचलेलीं आमच्या घरचीं मुलें त्यास 'बंबल बी' म्हणतात. तें नांव येथें लागूं नाहीं. बंबल बी ही थंड मुलुखाची माशी. आपल्या देशांत ती मुख्यतः काश्मीरपासून पूर्वेकडे हिमालयाच्या उतारांवर आढळते. वऱ्हाडच्या सपाटीवर ती नाहीं. तिच्या सर्वांगावर, पोटावरसुद्धां, दाट लोंकर असते, आणि ती बहुधा जमिनींतील बिळांत राणीच्या हाताखालीं घोळक्यानें राहते. युरोपांत शरद ऋतु म्हणजे तिच्या वर्षाचा शेवट. जुनी राणी व कामकरी माशा मरतात, व नव्या राण्या हिंवाळाभर झोंपीं जातात. आपल्याकडे याच दिवसांत भुंग्यांची खरी धांवपळ चालूं असते. पुस्तकांतलें चित्र पाहून वावरांतला जीव ओळखूं गेल्यास अशी गफलत व्हावयाचीच.

भुंग्याचें घर पाहावयाचें असल्यास गोठ्याचे वासे, वाळलेल्या शेवग्याची फांदी किंवा कुंपणाचे जुने बांबू पाहावे. बोट जाईल एवढें, कंपासानें आंखल्यासारखें वाटोळें भोंक आणि त्याखालीं भुशाचा लहानसा ढीग, ही खूण. मादी लाकूड खात नाहीं, नुसतें कोरते. आंत बोगदा करून पराग व मध कालवून एक गोळा ठेवते, त्यावर एक अंडें घालते, आणि भुशाची भिंत घालून पुढची खोली करते. तिला नांगी आहे, पण हातांत दाबल्याशिवाय ती सहसा डसत नाहीं. नरास नांगीच नसते. एका जातीचा नर सबंध पिवळसर असतो व मादी काळी, खांद्यांवर तेवढी पिवळी लव. हा पिवळा नर एकाच जागीं हवेंत तरंगत राहून येणाऱ्या-जाणाऱ्यावर धांवून जातो. लोक त्यास भितात, पण त्याच्यापाशीं डसावयास कांहींच नाहीं. भीमाशंकरच्या रानांत तर भुंग्याची एक जात अशी आहे कीं ती रात्रीं नुसत्या चांदण्यांच्या उजेडांत उडते, व त्या उजेडांतही तिला रंग ओळखतां येतात. त्यासंबंधीं २००८ सालीं शास्त्रीय निबंध प्रसिद्ध झाला आहे.

आतां त्याचें काम. वांग्याच्या ओळींत सकाळीं नऊच्या सुमारास स्वस्थ बसावें. वांग्याच्या फुलांतील पराग केसरांच्या टोंकाशीं असलेल्या बारीक छिद्रांत कोंडलेला असतो. भुंगा फूल घट्ट धरतो आणि अंग थरथरवितो. त्याबरोबर त्याचा घुमणारा आवाज एकदम चढतो आणि पराग पिठासारखा झडतो. उडतांना खालचा सूर व फुलावर वरचा सूर, असे दोन सूर कानांनीं वेगळे ओळखतां येतात. आमची दृष्टि आतां मंद झाली आहे, पण हे सूर आम्हांस डोळे मिटूनही कळतात. धुऱ्यावरील तरवडाच्या फुलांवरही हाच प्रकार दिसेल. पोळ्यांतल्या मधमाशीस ही युक्ति साधत नाहीं. मात्र पोटावर निळे पट्टे असलेली एक चपळ माशी ती करते, आणि तीही याच दिवसांत येते.

तुरीचें फूल निराळें. त्याच्या खालच्या दोन पाकळ्या जुळून होडीसारख्या झालेल्या असतात व केसर आंत दडलेले असतात. जड माशी होडीवर बसली कीं ती खालीं दबते आणि केसर तिच्या पोटास लागतात. तुरीचें फूल बव्हंशीं आपल्याच परागानें फळतें, हें खरें. तरी भुंगे व पानें कापणाऱ्या रानमाशा एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात, आणि हें प्रमाण ठिकाणाप्रमाणें बरेंच वाढूं शकतें. म्हणून घरचें बियाणें ठेवणाऱ्यानें शेजारच्या वावरांत निराळ्या वाणाची तूर असल्यास धुऱ्याकडील ओळींतील शेंगा बियाण्यास घेऊं नयेत. भेसळ त्या सालच्या दाण्यावर दिसत नाहीं. दाण्याचें साल आईच्या झाडाचें असतें. फरक पुढल्या सालीं उगवलेल्या झाडांत दिसतो, आणि तोंवर वेळ गेलेली असते.

घाटे अळी पडली असतां फवारणी करूंच नये, असें आम्ही म्हणत नाहीं. पण ती सायंकाळीं, माशा परतल्यावर करावी, व आरंभीं पांच टक्के निंबोळी अर्कानें भागत असेल तर तेवढ्यावर भागवावें. २०१७ च्या खरिपांत आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. कीटक ओळखल्यावांचून केलेली फवारणी आधीं ती करणाऱ्याच्या अंगावर येते. ओळख पटत नसेल तर मेलेला कीटक काड्यापेटींत कापसावर ठेवून अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागांत दाखवावा. तितका एक दिवस तूर थांबते.

गोठ्याच्या वाशांस भोंकें पडतात ही तक्रार खोटी नाहीं. त्यासाठीं भुंग्यांस जाळण्याची गरज नाहीं. वाशांस तेल किंवा रंग दिल्यास ते भुंग्यास फारसे रुचत नाहींत. आम्ही मेळघाटी बांबूचे हातभर तुकडे, एका टोंकास पेर राहील असे कापून, त्यांची मोळी गोठ्याच्या पूर्वेकडील भिंतीला आडवी बांधतों. पहिल्या वर्षीं तींत कोणी आलें नाहीं. दुसऱ्या वर्षीं तीन तुकडे भरले.

सालदार आतां धुरा साफ करतांना तरवड व रुई राखून ठेवतो. सायंकाळीं दिवस बुडतांना तो आम्हांस हांक मारून वाळल्या गवताची एक काडी दाखवितो. तीवर त्या निळ्या पट्ट्यांच्या माशांचे नर जबड्यानें काडी धरून एकाखालीं एक ओळीनें झोंपलेले असतात. परवां सात होते.