राजकारणी पुरुषाची साक्ष : ‘इंडिया विन्स फ्रीडम’ या ग्रंथाचे वाचन

राजकीय नेत्यांच्या आत्मचरित्रांवर इतिहासाच्या अभ्यासकाने कितपत विश्वास ठेवावा, या प्रश्नाला सामान्यतः दोन टोकांची उत्तरे दिली जातात. एका पक्षाचे म्हणणे असे की, जो पुरुष घटनास्थळी प्रत्यक्ष हजर होता, त्याच्याहून अधिक अधिकाराने त्या घटनेविषयी दुसरा कोण बोलू शकेल? दुसऱ्या पक्षाच्या मते राजकारणी पुरुष लेखणी हाती घेतो ती आत्मसमर्थनासाठीच. सबब त्याचे लेखन बाजूस ठेवावे हेच बरे. ही मते परस्परविरुद्ध दिसत असली, तरी दोहोंत एक दोष समान आहे. दोन्ही मते माणसाच्या विश्वासार्हतेचा निवाडा करतात. त्याच्या विधानांच्या विश्वासार्हतेचा करीत नाहीत. एकाच ग्रंथातील एक विधान पूर्णपणे ग्राह्य, दुसरे संशयास्पद आणि तिसरे पडताळणीपलीकडचे असू शकते, ही गोष्ट त्यामुळे दृष्टीआड होते.

मराठी अभ्यासकाला हा भेद वस्तुतः अपरिचित नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पानिपतच्या काळातील मूळ पत्रे वाचकांपुढे ठेवली. तेव्हापासून बखर आणि पत्र यांतील अंतर येथील इतिहासलेखनाच्या पायाशी आहे. पत्र हे घटनेच्या ओघातच, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना लिहिलेले असते. बखर ही शेवट ठाऊक असलेल्याने मागाहून सांगितलेली हकिकत असते. या दृष्टीने पाहता आधुनिक राजकीय आत्मचरित्र हे, त्याचा लेखक कितीही थोर असला, तरी बखरीच्या वर्गातच बसते. त्याचे वाचन कसे करावे, हे मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या ‘इंडिया विन्स फ्रीडम’ या ग्रंथाच्या उदाहरणावरून चांगले स्पष्ट होते.

आझाद हे १९४० च्या रामगढ अधिवेशनापासून १९४६ च्या जुलैपर्यंत काँग्रेसचे अध्यक्ष होते. क्रिप्स योजना, १९४२ चे आंदोलन, सिमला परिषद आणि कॅबिनेट मिशनशी झालेल्या वाटाघाटी हे सर्व प्रसंग त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळातले. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९५९ च्या आरंभी हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मात्र सुमारे तीस पृष्ठांचा मजकूर त्यांच्या इच्छेनुसार वगळण्यात आला होता. संपूर्ण मजकुराच्या प्रती मोहोरबंद करून एक कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात व एक दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवण्यात आली. तीस वर्षांची मुदत संपल्यावर, १९८८ साली, तो मजकूर खुला होऊन संपूर्ण आवृत्ती निघाली. म्हणजे या ग्रंथाचे दोन पाठ आहेत. कोणते विधान कोणत्या पाठातील, हे न पाहता त्याचा आधार देणे हा पहिला आणि सर्वांत सहज घडणारा प्रमाद होय.

दुसरा प्रश्न भाषेचा आहे. आझाद उर्दूतून बोलत, हुमायून कबीर टिपणे घेत आणि त्यावरून इंग्रजीत मसुदा तयार करीत. तो मसुदा आझाद वाचून सुधारीत. अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात असताना आझादांनी लिहिलेली व १९४६ साली प्रसिद्ध झालेली ‘गुबार-ए-खातिर’ मधील पत्रे ज्याने वाचली आहेत, त्याला त्या अलंकृत, फार्सी काव्याने भरलेल्या गद्यात आणि या ग्रंथाच्या सरळ इंग्रजीत किती अंतर आहे, हे सांगावे लागणार नाही. विचार आझादांचे असतील. परंतु एखाद्या विशिष्ट शब्दावर निष्कर्षाचा सगळा भार टाकताना तो शब्द कोणाचा, हे विचारणे प्राप्त आहे.

आता ग्रंथातील मुख्य प्रतिपादनाकडे वळता येईल. १६ मे १९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेने हिंदुस्थान अखंड राहण्याची खरी संधी निर्माण केली होती; मुस्लिम लीगने ती योजना स्वीकारली होती आणि काँग्रेसनेही. परंतु नवे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांनी १० जुलै रोजी मुंबईच्या पत्रकार परिषदेत असे सांगितले की, काँग्रेस केवळ घटना समितीत जाण्यास बांधलेली आहे आणि प्रांतांचे गट बहुधा होणारच नाहीत. त्यामुळे जिनांना माघार घेण्यास निमित्त मिळाले, लीगने २९ जुलै रोजी आपली संमती मागे घेतली आणि पुढील अनर्थ ओढवला, असे आझादांचे म्हणणे आहे. तारखांपुरती ही हकिकत बिनचूक आहे. प्रश्न आहे तो कारणमीमांसेचा. आणि तो लहान नाही, कारण फाळणीसारख्या प्रलयाची जबाबदारी एका माणसाच्या एका दिवसाच्या बोलण्यावर ठेवावी की नाही, हे त्यावर अवलंबून आहे.

त्याची कसोटी समकालीन कागदपत्रांनीच लागू शकते. निकोलस मॅनसर्ग यांच्या संपादनाखाली १९७० ते १९८३ या काळात बारा खंडांत निघालेल्या ‘ट्रान्सफर ऑफ पॉवर’ या संग्रहाच्या सातव्या व आठव्या खंडांत या महिन्यांचा पत्रव्यवहार आहे. त्यावरून असे दिसते की, गटरचनेचा वाद १० जुलैपूर्वी किती तरी आधी पेटलेला होता. योजनेच्या पंधराव्या कलमात प्रांतांना गट करण्याची मोकळीक होती, तर एकोणिसाव्या कलमाने त्यांना ठरावीक विभागांतच बसविले होते. आसाम आणि वायव्य सरहद्द प्रांत येथे काँग्रेसची मंत्रिमंडळे असल्याने हा केवळ शब्दांचा वाद नव्हता. काँग्रेस कार्यकारिणीने २४ मेच्या ठरावात आपला अर्थ नोंदविला. तो आपल्या हेतूशी जुळत नाही, असे मिशनने दुसऱ्याच दिवशी जाहीर केले. तरीही २५ जूनला काँग्रेसने योजना स्वीकारली ती स्वतःचा अर्थ कायम ठेवूनच, आणि त्या दिवशीच्या व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्राखाली अध्यक्ष या नात्याने सही होती ती आझादांचीच. इकडे लीगनेही ६ जूनच्या ठरावात योजना स्वीकारताना स्वतंत्र पाकिस्तान हे आपले अढळ ध्येय असल्याचे पुन्हा सांगितले होते. तात्पर्य, जो एकमताचा किल्ला पत्रकार परिषदेने पाडला असे ग्रंथ सांगतो, तो किल्ला मुळात पुरता बांधलेलाच नव्हता.

परंतु याचा अर्थ आझाद असत्य लिहितात असा करणे घाईचे होईल. अध्यक्षाच्या सहीचे पत्र हे कार्यकारिणीचे मत असते. त्याचा मसुदा अन्य सदस्याचा असू शकतो आणि अध्यक्षाचे मन त्याहून वेगळे असू शकते. पत्राने सिद्ध होते ते इतकेच की मतभेद अस्तित्वात होता व आझादांना तो ठाऊक होता. ग्रंथात त्याला मिळालेले गौण स्थान हे असत्यापेक्षा स्मृतीच्या निवडीचे लक्षण आहे. शेवट ठाऊक झाल्यावर स्मृती त्या शेवटाकडे नेणारा एकच प्रसंग उचलून धरते आणि भोवतालचे इतर प्रसंग फिकट करून टाकते.

याच ठिकाणी आत्मचरित्रातील कबुलीचा विचार केला पाहिजे. लेखक स्वतःच्या विरुद्ध जे सांगतो ते विश्वसनीय, असा साक्षीपुराव्याचा एक सर्वमान्य नियम आहे. १९४६ साली अध्यक्षपद सोडताना नेहरूंचे नाव सुचविणे ही कदाचित आपली सर्वांत मोठी चूक होती, असे आझाद म्हणतात; वल्लभभाई पटेलांना पाठिंबा दिला नाही ही दुसरी चूक, असे संपूर्ण आवृत्तीत वाचावयास मिळते. ही कबुली प्रांजळ असेलही. तथापि तिची रचना पाहता चूक आझादांची ठरली, तरी दोष मात्र नेहरूंकडे जातो. ज्या कबुलीने दुसऱ्याचा अपराध सिद्ध होतो, तिला स्वतःविरुद्धच्या साक्षीचे पूर्ण वजन देता येत नाही. शिवाय ग्रंथ नेहरूंनाच, मित्र व सहकारी म्हणून, अर्पण केलेला आहे. स्नेह आणि तक्रार यांचे हे सहअस्तित्व केवळ द्वेषाच्या आधारे उलगडत नाही.

एका साक्षीदाराची तपासणी दुसऱ्याच्या साक्षीने करावी, हा मार्गही दिसतो तितका सोपा नाही. आझादांच्या ग्रंथाचे परीक्षण करता करता राममनोहर लोहियांनी स्वतःचे एक पुस्तकच लिहिले. ‘गिल्टी मेन ऑफ इंडियाज पार्टिशन’ हे ते पुस्तक १९६० साली प्रसिद्ध झाले. फाळणीस मान्यता देणाऱ्या कार्यकारिणीच्या बैठकीला लोहिया निमंत्रित म्हणून हजर होते. आझाद तेथे दोन्ही दिवस सिगारेट ओढीत गप्प बसून होते, असे ते लिहितात. उलट आपण फाळणीला शेवटपर्यंत विरोध केला असे आझादांचे म्हणणे आहे. पण बैठकीतील मौन आणि मनातील विरोध एकत्र नांदू शकतात. आणि लोहियाही राजकारणीच होते, नेतृत्वावर त्यांचा रोष होता. मौनाची बाब इतर उपस्थितांच्या नोंदींनी तपासता येईल. त्या मौनाचा अर्थ मात्र दोघांपैकी कोणाच्याही शब्दावर ठरविता येणार नाही.

या उदाहरणावरून विधानांची एक उतरंड मांडता येते. लेखक कोठे, केव्हा, कोणत्या पदावर होता, ही विधाने पडताळता येतात आणि बहुधा खरी ठरतात. खाजगी संभाषणे त्याखालोखाल. कारण त्यांत स्मृती आणि अनुवाद या दोहोंची भेसळ संभवते. दुसऱ्यांच्या हेतूंविषयीची विधाने ही मते होत. आणि अमुक घडले नसते तर तमुक टळले असते, ही विधाने कोणत्याही साक्षीदाराच्या अधिकाराबाहेरची आहेत. कारण जे घडलेच नाही ते त्यानेही पाहिलेले नसते. १० जुलैविषयीचे आझादांचे प्रतिपादन या शेवटच्या पायरीवर आहे, आणि वाचक मात्र ते पहिल्या पायरीवरच्या विश्वासाने स्वीकारतो.

मग असा ग्रंथ वाचावयाचा कशासाठी? ज्या काळाचे तो वर्णन करतो त्या काळासाठी तो दुय्यम दर्जाचे साधन असला, तरी ज्या काळात तो लिहिला गेला त्या काळाचे तो अस्सल साधन आहे. अखंड हिंदुस्थानासाठी ज्याने आयुष्य वेचले आणि जो १९४७ नंतर नेहरूंच्याच मंत्रिमंडळात अखेरपर्यंत शिक्षणमंत्री होता, त्या पुरुषाला १९५७ च्या सुमारास आपला पराभव कसा दिसत होता, हे या ग्रंथाइतके दुसरे कोणतेही सरकारी कागद सांगू शकत नाहीत.

राजकारणी पुरुषांवर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न म्हणून अभ्यासकाने त्या रूपात सोडविण्याच्या भरीसच पडू नये. आंधळा विश्वास जसा पडताळणीचे श्रम वाचवितो, तसाच सरसकट अविश्वासही वाचवितो; आणि जो कोणाही नेत्याचे काहीच खरे मानीत नाही, तो अखेर आपल्या आवडीच्या इतिहासकाराचे सगळेच खरे मानू लागतो. प्रथम त्या दिवसांची पत्रे व ठराव, नंतर रोजनिश्या, शेवटी आठवणी, या क्रमाने वाचन केल्यास प्रत्येक विधानाला त्याच्या पुराव्याइतकेच वजन मिळते. त्या पुरुषाशी न्यायाने वागण्याचा मार्गही हाच आहे.