न्गाँग रोड, चौथा मजला (भाग सातवा) : ३५३५ वर मेसेज केला, पुढे काय?

आज खरं तर नैरोबीतल्या मुलींना तंत्रज्ञान शिकवणाऱ्या अकिराचिक्स ह्या संस्थेच्या वसतिगृहात जायचं कबूल केलं होतं. पण मागच्या भागात एम-फार्मचा विषय मी एका वाक्यात उरकला आणि निफाडच्या एका कांदा उत्पादकांचं पत्र आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : त्या तीन मुलींनी मोबाइलवर भाव कळवायला सुरुवात केली, ठीक आहे. पण भाव कळून शेतकऱ्याच्या हातात चार पैसे जास्त पडले का? आमच्याकडे भाव कुणाला कळत नाही? प्रश्न इतका रास्त आहे की वसतिगृह आठवडाभर थांबेल.

२०१० चा नोव्हेंबर महिना. मोम्बासाच्या किनाऱ्याला इंटरनेटची समुद्राखालची केबल लागून दीड वर्षही झालेलं नव्हतं. नैरोबीच्या न्गाँग रोडवर, बिशप मागुआ सेंटरच्या चौथ्या मजल्यावर आयहब हा तंत्रज्ञांचा अड्डा मार्चमध्येच उघडलेला. त्या सुमाराला नैरोबीत ‘आयपीओ४८’ नावाची स्पर्धा झाली. ४८ तासांत कल्पना सुचवायची, ती चालती करून दाखवायची आणि परीक्षकांच्या गळी उतरवायची. बक्षीस दहा लाख केनियन शिलिंग. एम-फार्मची कल्पना मांडून जिंकल्या त्या जमिला अब्बास, सुझन ओगुया आणि लिंडा क्वाम्बोका. तिघीच, गटात पुरुष एकही नाही. वर्तमानपत्रांना ‘दलालांना धडा शिकवणाऱ्या मुली’ अशी बातमी मिळाली आणि ती पुढे बराच काळ पुरली.

मला ह्या बातमीतला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटत आला आहे. दोन दिवसांच्या स्पर्धेत गट आधी जमलेला असावा लागतो. कोड कोण लिहिणार, कोण बोलणार, पहाटे तीनला कोण कुणावर खेकसलं तर चालेल, हे सगळं ठरायला ओळख लागते. मुलांची ती ओळख वर्गात, कँटीनमध्ये, रात्रीच्या जागरणांत आपोआप होते. कॉम्प्युटरच्या वर्गात मोजून चार मुली असल्या की त्या चौघी चार वेगवेगळ्या गटांत एकेकट्या सापडतात. ह्या तिघींची गाठ पडली ती अकिराचिक्समध्ये. म्हणजे जुडिथ ओविगार, लिंडा कामाऊ, मेरी गिथिंजी आणि अँजेला ओडुओर लुंगाती ह्यांनी त्याच वर्षी सुरू केलेल्या गटात. तेव्हा ना वसतिगृह होतं ना वर्षभराचा अभ्यासक्रम. आयहबच्या कार्यक्रमांत आपण तोंडी लावण्यापुरत्याच का दिसतो, असं वाटणाऱ्या मुलींनी एकत्र बसायचं, एवढंच. सहा-सात महिन्यांत त्या बसण्यातून एक कंपनी निघाली.

आता निफाडकरांचा प्रश्न. एम-फार्मचं काम साधं होतं. साध्यातल्या साध्या फोनवरून ३५३५ ह्या क्रमांकावर पीक आणि बाजाराचं नाव पाठवायचं. उलट मेसेज येई : अमुक बाजारात मक्याच्या ९० किलोच्या पोत्याला अमुक शिलिंग. नैरोबी, मोम्बासा, किसुमू, एल्डोरेट आणि किटाले ह्या बाजारांत माणसं नेमून भाव टिपले जात. इंटरनेट लागत नव्हतं, आणि तो खरा शहाणपणा होता. मक्याच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाकडे तेव्हा दुसरा फोन नव्हता.

पण भावाच्या पोटात माप असतं, आणि केनियात गोम तिथे आहे. बटाट्याचं घ्या. सौदा पोत्यावर होतो, वजनावर नाही. पोतं भरलं की दलालाचा माणूस त्याच्या तोंडाला आणखी एक तुकडा शिवतो, वर बटाट्यांचा ढीग रचतो आणि जाळी ताणून बांधतो. पोत्याने फेटा बांधल्यासारखं दिसतं. तिकडे एका पंथाचे लोक तसाच फेटा बांधतात, त्यावरून अशा पोत्याला ‘मुकुरिनो’ म्हणतात. तेव्हा कायद्याने ११० किलोची मर्यादा घातलेली असताना ही पोती दीड क्विंटलच्या पुढे जात. भाव एका पोत्याचाच. आता शेतकरीणबाईच्या फोनवर नैरोबीचा अगदी बरोबर भाव आला तरी वरचे चाळीस किलो तिच्या खिशातूनच गेले. लिलावात हमाली, तोलाई, कडता सोसलेल्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही.

शिवाय ट्रक दलालाचा. पेरणीच्या वेळची उचल त्याच्याकडूनच घेतलेली. नैरोबीच्या वाकुलिमा बाजारात नवख्याने थेट माल उतरवणं सोपं नाही, ही तक्रार तर फार जुनी. माहिती हातात आली, सौदा मोडण्याची ताकद आली नाही.

ह्या बाबतीत आपल्याकडचा दाखला बोलका आहे. रॉयटर्स मार्केट लाइट ही मेसेजवरून भाव आणि हवामान कळवणारी सेवा २००७ मध्ये महाराष्ट्रातच सुरू झाली, एम-फार्मच्या तीन वर्षं आधी. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटन ह्या अर्थतज्ज्ञांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत ती तपासली. चिठ्ठी टाकावी तसे शेतकरी निवडले, काहींना सेवा वर्षभर फुकट दिली, काहींना दिली नाही. २०१२ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. निष्कर्ष : सरासरीने पाहता मिळालेल्या भावात नजरेत भरणारा फरक नाही. थोडे शेतकरी माल वेगळ्या बाजारात नेऊ लागले, इतकंच. तेव्हा निफाडकर, तुमची शंका संशोधनानेही खरी ठरवली आहे.

पण मग केरळचं काय? रॉबर्ट जेन्सनचा २००७ चा अभ्यास ह्या क्षेत्रातले लोक उठता-बसता सांगतात. तारलीचे मच्छीमार समुद्रातूनच फोन करून कुठल्या बंदरात भाव बरा आहे ते विचारू लागले. त्यांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला, गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त पडली. तिथे जमलं, कारण मासळी आपल्याच होडीत आणि सुकाणू आपल्याच हातात. नांगर टाकण्याआधी बंदर बदलता येतं. बटाटा उत्पादकाकडे होडी नाही.

जमिला आणि तिच्या जोडीदारणींना हे फार लवकर उमगलं, आणि त्यांचं कौतुक करायचं तर ह्यासाठी करावं. नुसत्या भावावर न थांबता त्यांनी शेतकऱ्यांना माल एकत्र करून मोठ्या खरेदीदाराला विकायची आणि बी-खत एकत्र घ्यायची सोय मेसेजशी जोडली. सुझन शेतकऱ्याच्या घरातली. पाच पोती घेऊन जाणाऱ्या माणसाचं कुणी ऐकत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. अवघड काम मात्र तिथूनच सुरू होतं. पन्नास जणांचा माल एका प्रतीचा कसा ठेवायचा, एकाने आयत्या वेळी दलालाला विकला तर काय, पैसे कुणी आधी घ्यायचे. आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना हे प्रश्न पाठ असतील. ह्यातला एकही प्रश्न कोड लिहून सुटत नाही.

मग एम-फार्म फसलं म्हणायचं का? मला हा हिशेब खटकतो. न्गाँग रोडवर त्या दशकात पोरांनी किती ॲप काढली आणि किती मिटली ह्याची गणती नाही, आणि मिटलेल्याला सगळे ‘अनुभव’ म्हणाले. ह्या तिघींना मात्र दर मुलाखतीत केनियाची शेती सुधारली का, असं विचारलं गेलं. बायकांच्या कंपनीला नफा दाखवून भागत नाही, देशाचं भलंही करून दाखवावं लागतं.

अकिराचिक्सच्या जुडिथचा धडा मात्र स्पर्धेच्याही आधीच्या टप्प्याबद्दल होता, असं मला तिची भाषणं ऐकताना वाटत आलंय. २०११ मध्ये तिला अमेरिकेतल्या अनिता बोर्ग संस्थेचा पुरस्कार मिळाला तेव्हा अकिराचिक्स जेमतेम दीड वर्षाचं होतं. एम-फार्मसारखी आणखी चार नावं दाखवून संस्था मिरवता आली असती. पण स्पर्धेपर्यंत ज्या पोचतात त्या कॉलेजात शिकलेल्या, लॅपटॉप हाती असलेल्या मुली. नैरोबीच्या झोपडवस्तीतल्या मुलीला आयहबच्या जिन्यापर्यंत कोण आणणार? संस्थेने आपली ताकद वर्षभराच्या शिकवणीकडे वळवली. त्यात कोड होतं, ग्राफिक डिझाइन होतं, धंदा कसा करायचा हेही होतं. जुडिथनंतर संस्थेची धुरा लिंडा कामाऊने उचलली. अँजेला पुढे लोकांनी कळवलेली माहिती नकाशावर मांडणाऱ्या उशाहिदीची प्रमुख झाली, दुसऱ्या भागात जिची जन्मकथा आपण पाहिली तीच उशाहिदी.

शिकवणीतल्या मुली दुपारनंतर गळायला का लागतात आणि शेवटी त्यांच्या राहण्याचीच सोय का करावी लागली, ही वसतिगृहाची गोष्ट पुढच्या आठवड्यात नक्की. आणखी एखादं पत्र आलं नाही तर.