गाडी माझी, दुरुस्ती कोणाची?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. वर्ध्याचा मे ज्याने भोगला आहे त्याला उन्हाचे वर्णन सांगायला नको. सकाळी गाडी सुरू केली तर समोर एक पिवळा दिवा लागला आणि एसीतून गरम वारा येऊ लागला. गाडी तीन वर्षांची, वाढीव वॉरंटीचे पैसे भरलेले. म्हणून आम्ही उभयता काचा खाली करून, डोक्याला ओले उपरणे गुंडाळून, पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपूरला कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो.

तिथे गारवा होता. कॉफी मिळाली. दोन तासांनी एक टापटीप तरुण हातात कागद घेऊन आला. उंदराने वायरी कुरतडल्या होत्या. ‘‘सर, पूर्ण वायरिंग हार्नेस बदलावं लागेल,’’ तो म्हणाला. अंदाजे खर्च ४६,८०० रुपये. उंदीर वॉरंटीत बसत नव्हता.

‘‘अहो, दोन-चार वायरीच ना? जोडून द्या की.’’

‘‘आमच्याकडे जोडत नाहीत सर, बदलतात.’’

‘‘मग मी वर्ध्यातच जोडून घेतो.’’

‘‘घ्या ना सर. पण बाहेरचा हात लागला की वॉरंटी गेली.’’

हे तो इतक्या अदबीने बोलला की मला रागावताही येईना. सौ. मात्र उठलीच. ‘‘चला घरी. एवढ्या पैशांत आपल्या वेळी चार स्कूटरी आल्या असत्या.’’ तपासणीचे पैसे मोजून आम्ही त्याच गरम वाऱ्यात परत आलो.

आर्वी नाक्याकडे एका मिस्त्रीचे गॅरेज आहे. त्याची-माझी ओळख तीस वर्षांची. १९९३ मध्ये पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली, त्यानंतर दोनेक वर्षांनी तो कर्जाचा अर्ज घेऊन माझ्या शाखेत आला होता. कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन आणि हत्यारे यांसाठी पंचाण्णव हजार. त्या योजनेतली किती कर्जे बुडाली हे बँकेतल्या माणसाला विचारू नये. याचा हप्ता मात्र कधी चुकला नाही. गाडी त्याच्याकडे नेली. त्याने बॉनेट उघडले, बॅटरी घेऊन वाकून पाहिले आणि हात मागे घेतला.

‘‘साहेब, वारंटी हाय ना गाडीले? मंग मी हात नाही लावत. उद्या तुमचं काही झालं तर माझ्यावर येईन.’’

ज्या माणसाने तीस वर्षे या गावातल्या गाड्या चालत्या ठेवल्या, तो एका कागदाला भ्यायला होता. त्या दिवशी बिलापेक्षा मला हे अधिक लागले. घरी येऊन मी कागदपत्रे काढून बसलो. बँकेची सवय, दुसरे काय!

वाचता वाचता समजले की हे दुखणे माझ्या एकट्याचे नाही. २०११ मध्ये एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी सुरू केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी देशातल्या चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आयोगाचे म्हणणे थोडक्यात असे : या कंपन्या अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, दोष शोधण्याची उपकरणे आणि माहिती बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत. ग्राहकाला मग अधिकृत वर्कशॉपखेरीज दुसरे दार उरत नाही. दार एकच असले की भाव कसा चढतो हे वर्ध्याच्या बाजारात कापूस विकलेल्या कुणालाही ठाऊक आहे. काही सुट्या भागांवर शंभर टक्क्यांपासून थेट पाच हजार टक्क्यांपर्यंत नफा चढवल्याची नोंद त्या चौकशीत झाली.

वॉरंटीबद्दलही आयोगाने स्पष्ट लिहिले. गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत मूळ निष्कर्ष कायम ठेवला, दंडाचे गणित मात्र हलके केले. कोर्टकचेऱ्या लांबल्या आणि काउंटरवरचे वाक्य जसेच्या तसे राहिले : ‘बाहेरचा हात लागला की वॉरंटी गेली.’

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बॅलन्स शीट वाचण्यात ज्याची उमर गेली त्याला डीलरची अडचण दिसते. नवी गाडी विकून त्याच्या हाती फार थोडे राहते. शोरूमचे भाडे, उभ्या गाड्यांवरचे व्याज, प्रशिक्षित माणसांचे पगार, हे सारे वर्कशॉपमधूनच निघायचे असते. म्हणून बिलात न मागितलेली सफाई, न मागितलेले फवारे शिरतात. शिवाय सगळीच दुरुस्ती नाक्यावर होण्याजोगी नसते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, त्यांच्या पोटात संगणक बसलेले आहेत. ब्रेक आणि एअरबॅग यांत कसर करून चालत नाही. माझा मिस्त्रीही एअरबॅगच्या पिवळ्या वायरीला हात लावत नाही. ‘‘ते कंपनीतच न्या,’’ असे तोच सांगतो. त्याच्याकडे स्वतःच्या पैशाने घेतलेला स्कॅनर आहे. दोष त्यावर दिसतो; पण काही भाग बदलले की गाडीच्या संगणकाला त्यांची ओळख करून द्यावी लागते, आणि ते सॉफ्टवेअर कंपनीकडेच असते. हात शाबूत, अक्कल शाबूत, किल्ली दुसऱ्याकडे!

यात माझाही वाटा आहे. नोकरीत मी शेकडो वाहनकर्जे मंजूर केली. पगार पाहिला, हप्ता पाहिला, विमा पाहिला. ‘साहेब, ही गाडी सांभाळायला वर्षाला किती लागतील?’ हा रकाना आमच्या फॉर्मात नव्हता आणि मलाही कधी सुचला नाही.

तो रकाना ज्याला सुचला तो माणूस पुढे आपल्याच जिल्ह्यात येऊन राहिला. १९२९ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी मोठ्या कसून घातलेल्या. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. अधूनमधून देखभाल केली तर यंत्र वीस वर्षे तरी चालले पाहिजे. आणि देखभालीचा खर्च वर्षाला यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होता कामा नये! बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण दुरुस्तीचा खर्च हा यंत्राच्या गुणातच धरायचा, ही दृष्टी पाहा. मगनवाडीतल्या मगन संग्रहालयात चरखे पाहताना मला आता ती अट आठवते.

सरकारलाही हे उशिरा का होईना सुचले आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे पोर्टल सुरू झाले. त्यात मोटारींबरोबर शेतीची अवजारेही आहेत, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. माझी गाडी आठ दिवस उभी राहिली तर मी रिक्षाने जाईन. मृगात कास्तकाराचा ट्रॅक्टर उभा राहिला तर त्याचे वर्ष जाते.

तोवर आपल्या हातात काही गोष्टी आहेत. कामाआधी लेखी अंदाजपत्रक घ्यावे. न सांगितलेली कामे खोडायला लावावीत. बदललेला जुना भाग परत मागावा. नुसते मागितले तरी पुष्कळ भाग बदलावे लागत नाहीत, असा माझा अनुभव आहे. वॉरंटी जाईल असे म्हटले तर ते लिहून मागावे. तरीही भागले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही.

त्या आठवड्यात मी आयोगाच्या आदेशाची दोन पाने घेऊन पुन्हा आर्वी नाक्यावर गेलो. मिस्त्रीला मराठीत समजावून सांगितली. त्याने ती नीट घडी करून गल्ल्यात ठेवली आणि बाह्या सरसावल्या. तीन वायरी तुटल्या होत्या. त्याने डाखल्या, वर नळी चढवली, स्कॅनरने पिवळा दिवा घालवला. दोन तास लागले.

‘‘किती झाले?’’

‘‘सातशे द्या, साहेब.’’

मी हजाराची गोष्ट काढली तर म्हणाला, ‘‘कायले? काम सातशेचंच हाय.’’ मग थांबून म्हणाला, ‘‘ते कागदं मात्र राहू द्या माझ्याजवळ.’’