डेंग्यू, पाऊस आणि प्रकल्पाचे पैसे

पुण्यात आठवड्याभरात १५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, की डासांची अंडी-अळ्या वाहून जातात आणि डेंग्यू उलट कमी होतो. बेताचा, हंगामभर विखरून पडणारा पाऊस मात्र डासांना मानवतो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०२५ मध्ये हे 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये मांडलं. अशा अभ्यासाला हवामानाच्या नोंदी हव्यात, आरोग्य खात्याकडचे मृत्यूंचे आकडे हवेत, आणि दोन्हींची सांगड घालणारा संगणक हवा. पाषाणची संस्था केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची, त्यामुळे तिचा मूळ खर्च तिथून निघतो. गणेशखिंडीतल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या एखाद्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना असंच काम करायचं असेल, तर?

त्यांचा पगार राज्य सरकारकडून येतो. संशोधनाचा पैसा मात्र त्यांनी स्पर्धेत उतरून, बहुतेक वेळा दिल्लीहून, मिळवायचा असतो. आधी यासाठी 'सर्ब', म्हणजे विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ, होतं. २०२३ च्या कायद्याने ते अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात, म्हणजे 'एएनआरएफ'मध्ये, विलीन झालं. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करण्याचा सरकारचा इरादा आहे. त्यातले ३६ हजार कोटी सरकारी तिजोरीबाहेरून, उद्योग आणि देणगीदारांकडून यावेत अशी अपेक्षा आहे. अपेक्षा मोठीच म्हणायची.

प्रस्तावांचं आवाहन निघालं की प्रस्ताव जातो. त्यावर एक मुख्य संशोधक, सोबत एक-दोन सहसंशोधक. पहिली अडचण इथेच येते: हा प्रस्ताव कोणत्या विषयाच्या समितीपुढे जाणार? जीवशास्त्राच्या मंडळींना त्यात गणित जास्त वाटतं, संगणकवाल्यांना नवं अल्गोरिदम दिसत नाही. म्हणून अनुभवी माणसं प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर प्रश्न एकाच विषयाचा ठेवतात आणि दुसरा विषय पद्धतीच्या भागात आणतात. ही थोडी लबाडी आहे, पण चालते.

मंजुरीनंतर रक्कम हेडनुसार येते: मनुष्यबळ, उपकरणं, रसायनं-काचसामान, प्रवास, किरकोळ आणि संस्थेचा ओव्हरहेड. एका हेडचा पैसा दुसऱ्यावर सहज खर्चता येत नाही. हप्त्याहप्त्याने पैसे मिळतात, आणि पुढचा हप्ता हवा तर मागच्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र, बोलीभाषेत 'यूसी', धाडावं लागतं. यूसी अडकलं की सगळंच अडकतं. खरेदी सरकारच्या 'जेम' या ऑनलाइन बाजाराच्या पोर्टलवरून करायची. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक उपकरणांसाठी कुलगुरू आणि संचालकांना यातून सूट देण्याचे अधिकार मिळाले.

संगणकाच्या बाबतीत पुणेकर नशीबवान. विद्यापीठाच्या आवारातच १९८८ मध्ये सी-डॅक हे प्रगत संगणनाचं केंद्र सुरू झालं आणि १९९१ मध्ये तिथून 'परम ८०००' हा महासंगणक बाहेर आला. २०१५ च्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनला ४,५०० कोटींची मंजुरी होती. त्यातून आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत 'परम ब्रह्म' आला आणि जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी 'परम रुद्र'. २६ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी 'परम रुद्र'बरोबर पाषाणच्या हवामान संस्थेचा 'अर्क'ही राष्ट्राला अर्पण केला, तोही दिल्लीतून, कारण त्यांचा पुणे दौरा मुसळधार पावसाने रद्द झाला होता! ज्यांना एवढं अवाढव्य यंत्र नको, त्यांच्यासाठी 'इंडिया एआय मिशन'चे जीपीयू तासाला सुमारे ६५ रुपयांत आहेत.

दिल्लीला वगळूनही पैसा येतो. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये आयसर, पुणे विद्यापीठ आणि इतर संस्थांनी महापालिकेसोबत पाच प्रभागांत १,६६४ जणांच्या रक्ताचे नमुने तपासले. ५१.५ टक्के लोकांमध्ये कोविडची प्रतिपिंडं सापडली. या सर्वेक्षणाला पैसा दिला पर्सिस्टंट फाउंडेशनने. मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत असं २०१३ चा कंपनी कायदा सांगतो, आणि सार्वजनिक विद्यापीठांतलं संशोधन त्यात बसू शकतं. साथीच्या दिवसांत समितीच्या बैठकांची वाट पाहणं परवडत नाही, तिथे हा मार्ग उपयोगी पडतो. मात्र कंपनीला निकाल लवकर हवा असतो आणि पाच वर्षं एकच आकडेवारी सांभाळण्यात तिला रस नसतो.

माझ्या मते खरी टंचाई यंत्रांची नाही, मधल्या माणसाची आहे. महापालिकेचे तक्ते साफ करणारा, डासही समजणारा आणि कोडही लिहिणारा. प्रकल्पात त्याची जागा जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोची: जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आणि घरभाडं. प्रकल्प संपला की उरलेली रक्कम परत जाते, उपकरणं विभागात राहतात आणि ही जागा संपते. पुढे सहायक प्राध्यापकाच्या जाहिरातीत 'संबंधित विषयातली' पदवी मागतात. त्याचा विषय कोणता, हे तिथे कोणालाच ठरवता येत नाही.

यावर तोडगा पुणे विद्यापीठाच्याच आवारात एकदा निघाला होता. १९८७ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने इथे जैवमाहितीशास्त्राचं केंद्रच उभं केलं, सुट्या प्रकल्पाला पैसे देण्याऐवजी. पुढे तिथे त्याच विषयाची एम.एस्सी. सुरू झाली. २००३ मध्ये विद्यापीठाने मॉडेलिंग अँड सिम्युलेशनचं केंद्रही काढलं. डेंग्यूसाठी अर्ज करणाऱ्या आपल्या प्राध्यापकांना सहसंशोधक शोधायचा झाला, तर ही दोन्ही दारं त्यांच्या प्राणिशास्त्र विभागापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.