ड्वार्फ फोर्ट्रेस : फुकट वाटलेली सोळा वर्षं

ऑगस्ट २००६ मध्ये टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकी भावांनी ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा गेम इंटरनेटवर फुकट ठेवला. टार्नकडे स्टॅनफर्डची गणितातली पीएचडी होती, टेक्सासमध्ये विद्यापीठाचं काम होतं. ते त्याने त्याच वर्षी सोडलं आणि लोक आपणहून देतील तेवढ्यावर घर चालवायचं ठरवलं. देणगी देणाऱ्याला हाताने काढलेलं चित्र नाहीतर झॅकने लिहिलेली छोटी गोष्ट मिळायची.

पडद्यावर नुसती अक्षरं आणि चिन्हं दिसत. खेळ सुरू होण्याआधीच संगणक डोंगर, नद्या, राज्यं आणि शतकांचा इतिहास रचून ठेवी. मग डोंगर पोखरणारे ठेंगू यायचे. ते राबायचे, रुसायचे, मेलेल्या सोबत्यासाठी झुरायचे. २०१५ च्या सुमारास गेममधल्या मांजरी अचानक मरू लागल्या. टार्नने शोध घेतला. गुत्त्यात सांडलेली दारू मांजरींच्या पंजांना लागत होती, पंजे चाटताना ती पोटात जात होती आणि एका चाटण्यात किती दारू जाते याचा हिशेब कोडमध्ये चुकला होता. मांजरीने पंजा चाटणं कोणत्या गिऱ्हाइकाने मागितलं होतं? विक्रीकडे डोळा ठेवणाऱ्या कोणत्याही कंपनीत ही ओळ पहिल्याच बैठकीत उडाली असती. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ मला थोर वाटतो तो अशाच ओळींमुळे.

नाव भरपूर झालं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो आपल्या संग्रहात घेतला. ‘माइनक्राफ्ट’ या गेमने त्याच्यापासून स्फूर्ती घेतली, आणि २०१४ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ची कंपनी मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. अ‍ॅडम्स बंधू मात्र महिन्याला काही हजार डॉलरांच्या देणग्यांवरच होते.

मार्च २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की चित्रं घातलेली आवृत्ती ‘स्टीम’ या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात ठेवणार. कारणही त्यांनी सरळ सांगितलं : झॅकला त्वचेचा कर्करोग झाला होता. बायकोच्या नोकरीतून मिळालेल्या विम्यामुळे तो बिलांतून तरला, पण विमा नसता तर काय झालं असतं हे दोघांनाही दिसलं. अमेरिकेत आजारपण माणसाला कंगाल करू शकतं. कलेवरची निष्ठा पातळ झाली म्हणून ते बाजारात गेले, असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही.

मॉन्ट्रियलच्या किटफॉक्स गेम्सने ती आवृत्ती ६ डिसेंबर २०२२ रोजी बाजारात आणली, किंमत सुमारे तीस डॉलर. दोन महिन्यांत जेवढ्या प्रती खपतील असा अंदाज होता, तेवढ्या जवळपास पहिल्याच दिवशी गेल्या. जानेवारी २०२३ मध्ये भावांच्या खात्यात बहात्तर लाख डॉलर आले.

या आकड्याकडे बोट दाखवून ‘आधीच विकायला हवा होता’ म्हणणारेही आहेत. पण २००६ मध्ये विकायला होतं काय? लोकांनी तीस डॉलर मोजले ते कुणीही घाई न केलेल्या सोळा वर्षांच्या कामासाठी. ती वर्षं कुठल्याच गुंतवणूकदाराने दिली नसती. ती दिली हजारो अनोळखी देणगीदारांनी, आणि दोन भावांनी फार कमीत राहून. त्या राहणीतली जोखीम किती मोठी होती, हे आम्हा चाहत्यांना झॅकच्या आजारानंतर कळलं.

अक्षरांची आवृत्ती आजही फुकट मिळते, आणि नव्या आवृत्तीत टार्न जे घालतो ते तिच्यातही येतं.