साथीचे रोग आणि गणिताचे साहाय्य

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची साथ उद्भवली, ही घटना अनेक वाचकांच्या, विशेषतः धुळे व जळगाव जिल्ह्यांतील वाचकांच्या, स्मरणात असेल. तापीला नुकताच पूर येऊन गेला होता, वस्त्यांतून घाण साचली होती आणि गणेशविसर्जनाची गर्दी उसळली होती. अशा वेळी रुग्ण येऊ लागले व दोनतीन दिवसांतच सारे शहर भीतीने ग्रासले गेले. सुमारे पंधरा लाख लोकवस्तीतून काही लाख लोक शहर सोडून गेले. खानदेशातून तेथे यंत्रमागावर कामास गेलेल्या श्रमिकांनी मिळेल त्या गाडीने आपले गाव गाठले. ही मंडळी आपल्यासमवेत रोग आणतील आणि गावोगाव साथ पेटेल, अशी चिंता सर्वत्र व्यक्त होत होती. अफवांनी मृतांचा आकडा शेकड्यांवर नेला होता. प्रत्यक्षात देशभरात नोंदले गेलेले मृत्यू साठांहून कमी होते व त्यांतील बहुसंख्य सुरतेतच झाले.

असे का घडले, याचे उत्तर केवळ दैवावर सोपविण्याचे कारण नाही. एका रुग्णापासून सरासरी किती जणांना रोग जडतो, हा साथीच्या गणितातील मूळ प्रश्न होय. त्याचे उत्तर तीन गोष्टींच्या गुणाकाराने मिळते : रुग्ण रोज किती लोकांच्या निकट येतो, अशा एका संपर्कातून लागण होण्याचा संभव किती, आणि रुग्ण किती दिवस दुसऱ्यास रोग देऊ शकतो. हा गुणाकार एकाहून अधिक आला तर साथ वाढते, कमी आला तर विझते. फुप्फुसाचा प्लेग भयंकर खरा, परंतु तो बहुधा रुग्णाच्या अगदी जवळ वावरणाऱ्यांनाच जडतो. रुग्णाला वेगळे ठेवल्याने पहिला आकडा, शुश्रूषा करणाऱ्याच्या तोंडावरील पट्टीने दुसरा आणि टेट्रासायक्लिनसारख्या औषधाने तिसरा आकडा खाली येतो. यांपैकी कोणताही एक आकडा निम्मा झाला तरी सारे उत्तर निम्मे होते.

समजा, एका गावात प्रत्येक रुग्णापासून दोघांना लागण होते. दोघांचे चार, चारांचे आठ असे करीत दहाव्या पायरीवर संख्या हजारापलीकडे जाते. परंतु गावातील निम्मी माणसे लस घेऊन सुरक्षित झालेली असतील, तर दोघांऐवजी एकालाच रोग जडेल व साथ वाढणार नाही. निम्म्याहून अधिक सुरक्षित असतील तर साखळी तुटत जाईल. कोणीच सुरक्षित नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो, असे मानले जाते. तेथे हाच हिशेब लावल्यास शेकडा ९२ ते ९४ जण सुरक्षित असावे लागतात. गोवराच्या लसीकरणासाठी शेकडा ९५ चे उद्दिष्ट ठेवले जाते ते याच कारणाने. शंभरांतील ऐंशी मुलांना लस टोचून झाली की काम बहुतेक संपले, असे मानणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

मुंबईचे आकडे

या शास्त्राच्या पायाभूत लेखात वापरलेले आकडे आपल्या मुंबईचे आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढे तो वर्षानुवर्षे परत येत राहिला. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्यास किती माणसे दगावली, याची नोंद झालेली होती. एडिंबरो येथील कर्मॅक व मॅकेंड्रिक यांनी १९२७ च्या आपल्या लेखात ती घेतली. मॅकेंड्रिक हे कसौलीच्या पाश्चर संस्थेचे संचालक राहिलेले डॉक्टर, तर कर्मॅक हे प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी लोकसंख्येचे तीन गट कल्पिले : रोग होऊ शकणारे, रोग झालेले, आणि बरे होऊन अथवा मरण पावून साखळीबाहेर गेलेले. या गटांचा हिशेब मांडून त्यांनी जी वक्ररेषा काढली, तिच्याशी आठवड्याला सुमारे नऊशे मृत्यूंपर्यंत चढून उतरलेली मुंबईची रेषा बरीचशी जुळली. सारे लोक रोगग्रस्त झाल्यावरच साथ थांबते, हा समज त्यांनी खोडून काढला. रोग होऊ शकणाऱ्यांची संख्या एका मर्यादेखाली गेली की साथ ओसरू लागते.

मात्र रेषा जुळली म्हणजे कारण सापडले, असे नव्हे. मुंबईतील गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरत होता आणि ऋतुमानाप्रमाणे चढत-उतरत होता. या समीकरणांत मात्र उंदीर नाही, पिसू नाही, ऋतूही नाही. कोविडच्या काळात ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने साथीचा कळस मागे पडल्याचे सांगून, दक्षता पाळल्यास फेब्रुवारी २०२१ पर्यंत ती आटोक्यात येईल, असे अनुमान केले होते. २०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट पहिलीहून कितीतरी मोठी आली. विषाणूचे अधिक वेगाने पसरणारे नवे रूप त्या हिशेबात धरलेले नव्हते.

कोरडा दिवस

हिवताप डासांमुळे पसरतो हे दाखविणारे सर रोनाल्ड रॉस यांनीही पुढे गणिताचाच आधार घेतला. प्रत्येक डास मारण्याची आवश्यकता नाही; डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली तर हिवताप टिकू शकत नाही, असे त्यांनी प्रतिपादन केले. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यामागेही साधा हिशेबच आहे. अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठ ते दहा दिवस लागतात. सातव्या दिवशी रांजण व टाकी रिकामी करून घासली तर अळीचा डास होतच नाही. पंधरवड्याने रिकामा केलेला रांजण मात्र मधल्या काळात डासांची एक पिढी उडवून मोकळा झालेला असतो.

अर्थात या साऱ्या गणिताला आकडे लागतात. मुंबईतील ते साप्ताहिक मृत्यू वेळच्या वेळी नोंदले गेले नसते, तर १९२७ च्या लेखात जुळवून पाहण्यास काहीच उरले नसते. आज एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाखाली उपकेंद्रांपासून वर माहिती जाते. पण तिची सुरुवात आशा कार्यकर्ती, ग्रामसेवक आणि शिक्षक यांच्यापासून होते. एका वर्गातील तीनचार मुले ताप व पुरळ येऊन गैरहजर राहिल्यास गुरुजींनी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे, महिनाअखेरच्या पटपडताळणीची वाट पाहू नये. गोवराचे मूल अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच इतरांस रोग देऊ लागते. कळविण्यास लागलेला प्रत्येक दिवस त्या चार दिवसांत मिळवावा लागतो.